दाजींनी घातलेला बांध

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या दाजींनी हात जोडले नाहीत, की डोळे मोठे केले नाहीत. धोतराचा सोगा सावरत त्यांनी एवढंच विचारलं, "अण्णाराव, हे एवढं पाणी कुण्या तालुक्यात येतं?"

दोष त्यांचा नव्हता. आमचा लातूर जिल्हा नवाकोरा, चारच उन्हाळे पाहिलेला. त्या चार वर्षांत आमच्याकडे माणसं हद्दीशिवाय दुसरं बोलत नव्हती. कोणतं गाव इकडे आलं, कोणतं उस्मानाबादेत राहिलं, कोणत्या कचेरीला कुणाचा वाडा भाड्याने लागला. त्यात शेवटचे दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा लोक ढगाकडेसुद्धा तो कोणत्या जिल्ह्याचा आहे अशा नजरेने बघायला लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, सिद्रामप्पा. रेणापुरात त्यांचं भुसाराचं दुकान. आशीर्वाददेखील सुट्टा देत नाहीत, सणावाराला गेलं तरच मिळतो. मी उदगीरच्या मोंढ्यात आडत करतो. माणूस आणि पोतं यांत मी फारसा फरक करत नाही. वरची मूठ दोघांचीही चांगली असते, हात खाली घालून तळाचा दाणा बघावा लागतो. म्हणूनच दाजींनी मला बरोबर घेतलं होतं. आम्ही निघालो होतो महानंदाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भाचीचं, होणारं सासर बघायला. न सांगता.

स्थळ आपणहून चालत आलं होतं. नवा जिल्हा झाला म्हटल्यावर कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्या भरायला कुठून कुठून कारकून आले. त्यातला एक सदाशिव, पार कोकणातला. तिकडेही आपले लिंगायत वाणी आहेत, कुण्या काळी घाट उतरून गेलेले, त्यांच्यातला. पोरगा सरळ, चष्मेवाला. शेंगदाणे घ्यायला म्हणून लातूरहून रेणापूरला दाजींच्या दुकानी यायचा. लातुरात शेंगदाणे मिळत नाहीत हा त्याचा समज आम्ही कुणी दूर केला नाही, कारण महानंदा दुकानाच्या मागच्या दारात चिंच फोडत बसलेली असायची आणि तो आला की चिंच फोडायचा आवाज बंद पडायचा.

निघताना ती माझ्या पिशवीत दशम्या भरत हळूच म्हणाली, "मामा, तुमी हाव म्हणूनच या."

"आन् दाजी न्हाई म्हणले तर?"

"म्हणूनच तर तुमी चाललाव न्हवं?"

दाजी नाही म्हणतील याला कारण होतं. थोरली जगदेवी मुखेडकडे दिलेली. तेव्हा घर बघितलं, काळीभोर जमीन बघितली, जावयाची छाती बघितली. पाणी बघायचं राहून गेलं. तिच्या गावची विहीर गावापासून एवढी लांब, की पहिली खेप आणेपर्यंत दुसरी घागर रिकामी झालेली असते. या संक्रांतीला ती माहेरी आली. अक्का तिच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि लावता लावता थांबली. माथ्यावर जिथे चुंबळ बसते तिथले केस विरळ होऊन चामडी दिसत होती. दाजी तिथेच ओट्यावर होते. ते उठून दुकानात गेले आणि गिऱ्हाईक नसताना शटर उघडून बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "दुसरी लेक मी पाणी बघून द्यीन. धन गेलं उडत."

मी गमतीनं म्हटलं, "माझ्या पुतण्याला द्या. घरातल्या घरात."

"तुझा आड माझ्या घशाहून कोरडा हाय," ते म्हणाले. खोटं नव्हतं.

सदाशिवला त्यांनी लातुरात गाठून विचारलंही होतं, "गावात पाणी हाय का?" पोरगा हसून म्हणाला, "अहो, समुद्रच आहे दारात." आणि वर, "आमच्याकडे पाऊस लागला की छत्री वाळत नाही." दाजींनी हे उत्तर घरी आणलं, रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी म्हणाले, "इचारलं काय, सांगतो काय. अण्णाराव, डोळ्यानं बघून येऊ. आन् सांगून जायाचं न्हाई. सांगून गेलं की रांजण भरलेलाच दिसतो."

कुणी विचारलंच तर आम्ही चिंचेचे व्यापारी, असं ठरलं.

एसटी बदलत बदलत एका खाडीच्या तोंडाशी उतरलो. सदाशिवचं गाव, सडेकोंड, तिथून पुढे. गाडी संध्याकाळची एकच, आणि गाडीने गेलं की कंडक्टरपासून सगळ्यांना पाहुणे कुणाकडचे ते कळणार. सकाळी धर्मशाळेत आंघोळी आणि लिंगपूजा उरकली. चहाच्या टपरीवाल्याला दाजींनी विचारलं, "ह्याच्या कडंकडंनं चालत गेलं तर सडेकोंड लागतंय न्हवं?"

"लागतं. पुळण चालायची, मग दोन टोकं ओलांडायची. दुसऱ्या टोकापलीकडे गावचा रस्ता. मात्र भरती लागायच्या आत टोकाखालून पलीकडे व्हा. दुपारी पाणी चढतं."

"दुपारी सोडत्यात का?" दाजींनी विचारलं.

टपरीवाला बघतच राहिला. आमच्याकडे पाणी येतं ते धरणातून, पाळीप्रमाणे, आणि त्याच्या आधी पाटकऱ्याच्या हातापाया पडावं लागतं. पाणी आपल्या मर्जीनं येतं-जातं ही गोष्ट दाजींच्या डोक्यात शिरेना. पुळणीला लागल्यावर, म्हणजे वाळूच्या त्या लांबच लांब पट्ट्यावर, ते मला म्हणाले, "सोडणारा कुणीतरी असणारच. ह्याला ठाव नसंल."

पुळणीवरून चालणं नदीच्या कोरड्या पात्रातून चालण्यासारखंच. पाय रुततो, चप्पल हातात घ्यावी लागते. आमच्या मांजरेचं पात्र त्या वर्षी असंच पांढरं पडलं होतं. फरक एवढाच, की इथे एका अंगाला दरड होती, उंच, तांबडी, भाजलेल्या विटेसारखी, आणि दुसऱ्या अंगाला काठच नव्हता. दाजी थोड्या थोड्या वेळाने तिकडे बघत. पलीकडचा काठ अजून कसा दिसेना, अशी त्यांची तक्रार. शेवटी म्हणाले, "एका काठाच्या नदीवर इश्वास ठेवू ने."

"का बरं?"

"आपल्या बाजूनं काय झालं तर पळून कुठं जायाचं?"

खेकडे वाळूतून पळायचे, तेवढ्यापुरतं आमचं बोलणं थांबायचं. मग दाजी पुन्हा हिशेबाला लागत. मुलाला बहीण नाही, हे जमेला. बाप दुकानदार, जमेला. घर दूर, वजा. मासळीचा वास, वजा. भाचीच्या लग्नाचा ताळेबंद मी आयुष्यात एवढा वाळूतून चालत ऐकला नव्हता.

"आन् महानंदाला पोरगा पसंत हाय, ते कुठं मांडलंव?" मी विचारलं.

"ते मांडलं की बाकी काय मांडायची गरजच उरत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून शेवटाला ठेवलंय."

पहिलं टोक आलं. टोक म्हणजे कडा थेट पाण्यात घुसलेला, आणि त्याच्या पायथ्याशी काळे, धारदार, शेवाळाने निसरडे खडक. समुद्र मागे हटला होता, म्हणून खडकांवरून जायला वाट होती. दाजी बसून बसून, हातापायांनी, धोतर कमरेला खोचून गेले. रेणापूरच्या बाजारात कुणी त्यांना असं पाहिलं असतं तर उधारी वसूल होणं कठीण झालं असतं. वर घारी फिरत होत्या. खाली लाटा खडकांच्या भेगांत शिरून खाकरल्यासारखा आवाज करत होत्या. एका जागी दाजी थांबले आणि कड्यावर तळहात ठेवून म्हणाले, "केवढा दगड. आन् ह्याच्यातून एक थेंब गळंना."

त्यांचं बोलणं कड्याने ऐकलं असावं. टोक वळून पलीकडच्या लहानशा पुळणीवर उतरतो तो समोर पाणी. गोडं. त्या पुळणीच्या पार टोकाला कड्याच्या पोटातून निघालेला एक ओहोळ वाळूवरून खळखळत येऊन सरळ समुद्राला मिळत होता. घोट्याएवढा, काचेसारखा.

दाजींनी ओंजळ भरून चव घेतली. मग पोटभर प्याले. मग उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी सोडलंय?"

"कुणी सोडलं न्हाई दाजी. वाहून राहिलंय."

"वाहून राहिलंय आन् कुणी बघंना?"

"कोण बघावं?"

"आवं, खाऱ्यात चाललंय! डोळ्यादेखत!"

मी म्हटलं, चाललं तर चाललं, आपण पण चला, टोक ओलांडायचंय. पण दाजींनी धोतर आणखी वर खोचलं होतं. दोन उन्हाळे ते गावच्या पाझर तलावाच्या कामावर पंच म्हणून उभे होते. एरवी बिचाऱ्यांनी तिथे स्वतः घमेलं उचलल्याचं कुणी सांगत नाही. पण इथे त्यांनी भराभर दगड गोळा केले, ओहोळाच्या तोंडाशी आडवे मांडले, मधे ओली वाळू चेपली आणि मला दरडावलं, "बघून काय राहिलास? खालून गळून राहिलंय, तिथं चिखल लाव!"

आता मला सांगा, समुद्राच्या अगदी तोंडावर बांध घालून ते पाणी कुणाच्या शेताला द्यायचं होतं? मी विचारलं नाही. काही कामं माणूस फायद्यासाठी करत नसतो, एवढं आडत्यालाही कळतं. मी चिखल लावला. बांध हातभर रुंद झाला, मागे पाणी तुंबत गेलं, आडवं पसरलं, एक लहानसं तळं झालं. आभाळ त्यात दिसायला लागलं. दाजी काठावर बसले. दोन वर्षांत मी त्यांना कशाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

तिथेच आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. जेवून दाजी जरा आडवेही झाले, आपल्या तळ्याकडे तोंड करून. मीही डोळा लावला.

जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. समुद्र जवळ आला होता. एक लाट आली, बांधाला नाक लावून परत गेली. दुसरी वरून गेली. तिसरीने मधला दगड उपटला आणि तळ्यात फेस शिरला. दाजी धडपडत उठले, धावत गेले, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकले.

"खारं झालं, अण्णाराव."

असं म्हणाले, जसं घरातलं कुणी दगावल्याचं सांगावं.

मी मात्र टोकाकडे बघत होतो. पुढचं टोक, ज्याच्या पलीकडे रस्ता होता, त्याच्या पायथ्याचे खडक दिसेनासे झाले होते. तिथे लाटा कड्यावर आपटून उंच उडत होत्या. मागे वळून बघितलं तर आलो ती वाटही पाण्यात. पाठीशी सरळ उभा तांबडा कडा, समोर समुद्र, आणि मधे आम्ही दोन वाणी, हळूहळू अरुंद होत जाणाऱ्या वाळूवर.

"पाळी सुरू झाली," मी म्हटलं. दाजींना हसू आलं नाही.

तेवढ्यात वरून कुणी म्हणालं, "काय हो पाव्हणे, इथंच वस्ती करणार काय आज?"

ओहोळ कड्याच्या पोटातून जिथे निघत होता, तिथे चिऱ्यांनी बांधलेली एक कुंडी होती. आणि कुंडीपासून कड्याच्या अंगाला चिकटून, वळणं घेत, दगडी पायऱ्यांची एक वाट वर गेलेली. खालून ती झुडपांत दिसलीच नव्हती. त्या पायऱ्यांवरून एक साठीचा माणूस खाली येत होता. उघडा, गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर कावड आणि कावडीला दोन रिकामे तांब्याचे हंडे. त्याने वाहून गेलेला बांध पाहिला आणि मोठ्याने हसला.

"हा तुम्ही घातलात? लहानपणी आम्ही घालायचो."

दाजी ओशाळले. "लई पाणी वाया चाललंय तुमचं."

"वाया कसलं. आम्हाला लागतं तेवढं आम्ही नेतो, उरलेलं त्याचं." त्याने समुद्राकडे मान उडवली. "चला, भरती उतरेतो थांबलात तर अंधार पडेल. पाखाडीनं वर या. कुठले तुम्ही?"

"लातूरकडचे. चिंचेचे व्यापारी," दाजी म्हणाले.

"चिंच? समुद्राच्या काठी?" तो हंडे बुडवता बुडवता म्हणाला. "बरं बरं. लातूरला माझा मुलगा आहे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे. तो उघडा असल्याने त्याच्या छातीवर काळ्या दोऱ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी स्पष्ट दिसत होती. ज्याच्या घरी आम्ही अचानक जाऊन तळाचा दाणा बघणार होतो, तो सदाशिवचा बाप महादेवशेठ स्वतः पाणी भरत आमच्यासमोर वाकला होता. रस्त्यानं गेलो असतो तर गादीवर बसलेला सदरा घातलेला शेठ दिसला असता, भरलेला रांजण दिसला असता, आणि ही वाट गावाच्या पाठीमागे तशीच राहिली असती.

दाजींनी मला डोळ्याने दाबलं. बोलायचं नाही.

पाखाडी, म्हणजे त्या दगडी पायऱ्या, चढायला लागलो. शेठ पुढे, कावड हेलकावत, पाणी न सांडता. मागे दाजी. त्यांच्या मागे मी, धापा टाकत. पहिल्या वळणावर दाजींनी विचारलं, "वर विहिरी न्हाईत?"

"आहेत की. पावसात काठापर्यंत भरतात. पण वर सगळा कातळ, पाणी राहत नाही. शिमगा झाला की तळ दिसतो. मग पाऊस येईपर्यंत ही झरी." शेठ थांबून खांदा बदलत होता. "मुलाला एका ठिकाणी मुलगी सांगून आलीय, तुमच्याच भागातली. मी त्याला बजावलंय, बाबा रे, दुष्काळातली माणसं आहेत, कोकण म्हटलं की पाणीच पाणी वाटेल त्यांना. आधी पाखाडीचं सांग. सांगतो सांगतो म्हणतो. सांगितलं नसणार."

"का बरं?"

"घाबरला असेल. एरवी नाही हो घाबरत तो."

दाजींची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. ही त्यांची ठिणगी मला ओळखीची. दारात समुद्र आहे म्हणणारा पोरगा आता रेणापुरात त्यांच्या हाती लागला असता तर शेंगदाणे उधळले असते. दाजींच्या मनातला ताळेबंद मला पाठमोरा वाचता येत होता. पाणी कड्याच्या तळाशी, घर कड्याच्या माथ्यावर, मधे या पायऱ्या. मुखेडची विहीर तरी सपाटीवर होती. मला पिशवीत दशम्या भरणारी महानंदा दिसली.

"मग हे पाणी," दाजींनी अगदी सावकाश विचारलं, "बाया नेत असतील."

"छे. आमच्या वाडीत पाखाडीचं पाणी पुरुषांनी आणायचं."

"रिवाज हाय?"

"आता रिवाजच म्हणायचा. माझ्या आईच्या वेळचं सांगतो. अशाच एका उन्हाळ्यात वाडीतल्या बायकांनी हंडे उपडे घातले. म्हणाल्या, आम्ही उतरणार नाही. पुरुष म्हणाले, मग स्वयंपाक कशाचा कराल? त्यांनी समुद्राचं पाणी आणून त्यात भात शिजवला आणि पानात वाढला. घरोघरी, एकाच दिवशी." शेठ हसायला लागला, तेव्हा मात्र थोडं पाणी सांडलं. "आमच्या आजोबांनी पहिल्या दिवशी खाल्ला. मान नको जायला म्हणून. दुसऱ्या दिवशी कावड केली."

"आन् लोक हसत न्हाईत?"

"कोण हसणार? हसणाऱ्याच्याही खांद्यावर कावडच. आमचा सदाशिव सुट्टीला आला की मला एक खेप करू देत नाही. तेवढंच सुख."

आमच्याकडे बाप्या माणसाने डोक्यावर घागर घेतली तर बायको मेली की पळाली एवढंच लोक विचारतात. रेणापुरात टँकर आला की अक्का रांगेत उभी राहते, सुना उभ्या राहतात, आणि दाजी दुकानाच्या ओट्यावरून रांग नीट लावा म्हणून ओरडतात. उदगिरात मीही तेच करतो, फक्त माझा आवाज लहान आहे. जगदेवीचा नवरा तर तेवढंही करत नाही.

माथ्यावर पोचलो. वर उघडा कातळ, ऊन त्याच्यावरून डोळ्यांत घुसत होतं. लांब दहा-बारा कौलारू घरं. शेठने कावड टेकवली, घाम पुसला. दाजी पुढे झाले.

"मी घेतो."

"अहो नको. सवय लागते तिला."

"घेतो म्हणतो न्हवं," दाजी म्हणाले आणि कावडीखाली खांदा घातला.

तराजू आयुष्यभर हातात धरलेला माणूस, पण कावड तोलणं वेगळं. चार पावलं टाकली असतील, पुढचा हंडा झुलला, मागचा त्याच्या उलट, आणि दोन्ही कातळावर आडवे. सगळं पाणी तापल्या दगडावर पसरलं आणि बघता बघता वाळलं. दाजी त्या ओल्या डागाकडे बघत उभे राहिले. घरात नातवानं वाटीभर पाणी सांडलं तर चापट मारणारा माणूस. मला वाटलं, आता शेठ चार शब्द बोलणार. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

शेठने हंडे उचलले, एकाचा पोचा अंगठ्याने दाबून बघितला. "जाऊ द्या. अजून एक खेप. तुम्ही बसा सावलीला."

"बसत न्हाई," दाजी म्हणाले.

दोघं पुन्हा खाली गेले. मी बसलो. मला चालायला आणलं होतं, पाणी भरायला नव्हे. वरून दिसत होतं, वळणावर दोघं थांबायचे, काहीतरी बोलायचे, पुन्हा उतरायचे. काय बोलले ते दाजींनी मला आजवर सांगितलेलं नाही. परत आले तेव्हा कावड शेठच्या खांद्यावर नव्हती, काठी नुसतीच हातात होती. एकेक हंडा दोघांच्या खांद्यावर होता. दाजींची जीभ कोरडी पडली होती, ओठ पांढरे. वाटेत पाय घसरून गुडघा फुटला होता, पण हंडा भरलेला होता.

घराच्या अंगणात सदाशिवची आई धान्य पाखडत होती. नवऱ्याबरोबर परका माणूस पाणी घेऊन येताना पाहून ती गडबडीने उठली. "अहो, पाहुण्यांच्या खांद्यावर कसला हंडा दिलात!"

"मी नाही दिला. ऐकेचनात. चिंचेचे व्यापारी आहेत," शेठ म्हणाले.

तिने पाट टाकले, आत गेली आणि पितळी तांब्या-भांडं आणि वाटीत गूळ घेऊन आली. दाजींसमोर ठेवलं. मी बघत होतो. दाजींचा हात पुढे झाला, भांड्यापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घ्या ना," ती म्हणाली.

"गूळ घेतो. पाणी नगं."

"एवढ्या उन्हातून आलात, आणि पाणी नको?" तिचा चेहरा पडला. शेठही जरा दुखावले. "अहो, हे तर तुम्हीच आत्ता वर आणलंत!"

"आणलं मी. भांडं तुमचं हाय," दाजी म्हणाले. घसा इतका सुकला होता की आवाज घोगरा निघत होता. "आमच्याकडं जुनी चाल हाय शेठ. जिथं लेक दिली त्या घरचं पाणी बाप पीत न्हाई. नातू होईस्तोवर."

थोडा वेळ कुणाला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी भिंतीला टेकून बसलो. मग शेठने पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं, दाजींच्या सदऱ्यातून डोकावणारा काळा दोरा पाहिला आणि हळूच विचारलं, "रेणापूर?"

"सिद्रामप्पा. महानंदाचा बाप."

सदाशिवच्या आईने पदर डोक्यावर ओढला आणि पहिलं वाक्य बोलली ते, "अगं बाई, आणि घर आवरलेलं नाही!" शेठ उठले, पुन्हा बसले, माफी मागावी की मिठी मारावी हे त्यांचं ठरेना. त्यांना पाखाडीवरच ओळख पटली होती की काय, हे मी विचारलेलं नाही. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला असलं विचारू नये.

"पोरगं खोटं बोललं माझ्याशी," दाजी म्हणाले. "दारात समुद्र हाय म्हणालं."

"बोलतो मी त्याला," शेठ म्हणाले.

"तुमी नगा बोलू. मी बोलतो. मला आता हक हाय." आणि जरा थांबून, "शेजारी एकादं घर हाय का, जिथं मी लेक दिली न्हाई? घसा लई सुकलाय."

शेजारची म्हातारी तांब्या घेऊन लगबगीने आली. दाजी अंगणाच्या बाहेर, दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी उभे राहून गटागटा प्याले. मला कुणीतरी विचारलं, मामालाही ही चाल लागू आहे का. मी म्हटलं, मामाचं आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. आणि समोरचं भांडं उचललं. पाणी गार होतं, दगडाची चव होती त्याला. मी दोन भांडी प्यालो, आणि सदाशिवच्या आईने न विचारता तिसरं भरलं.